आधी खर्डा, मग चर्चा

‘कथाबीज कुणाला सांगू नका, चोरीला जाईल,’ असा सल्ला होतकरू लेखकाला हमखास मिळतो. सल्ला बरोबर आहे. त्यामागचे कारण मात्र साफ चूक आहे. आणि चुकीच्या कारणासाठी पाळलेले पथ्य फार दिवस टिकत नाही.

चोरीचेच घ्या. आर. जी. आनंद यांनी आपले ‘हम हिंदुस्तानी’ हे नाटक १९५५ साली एका चित्रपट-दिग्दर्शकाला ऐकवले. १९५६ मध्ये ‘न्यू दिल्ली’ हा चित्रपट आला आणि आनंद न्यायालयात गेले. प्रांतभेद हा विषय दोन्हींत होता. तरीही १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा दावा अमान्य केला. कल्पना, विषय, कथानक यांवर मालकी नसते, मालकी असते ती मांडणीवर, हे त्या निकालाचे सार. मग ज्याची मांडणीच झालेली नाही, त्याची राखण कसली करता?

खरे नुकसान निराळे आहे, आणि ते आम्हा सीमेवरच्यांना तरी कळावे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले, बालाघाट मध्य प्रदेशातच राहिला. इथल्या मराठी घरातला मुलगा घरी मराठी बोलतो आणि शाळेत, बाजारात हिंदी. साहजिकच मित्राला गोष्ट सांगायची ती हिंदीतच. पहिले शब्द मनात घट्ट बसतात. पुढे तो मराठीत लिहायला बसतो तेव्हा लिहीत नाही, स्वतःचेच भाषांतर करतो. क्रियापदे मराठी, वाक्याची चाल हिंदी! वह्या तपासताना हे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. हिंदीशी माझे वैर नाही. पण मराठी कथेचे बाळंतपण मराठीतच व्हावे, एवढा हट्ट आहे.

कुणी म्हणेल, म्हाइंभटांनी लोकांना विचारून विचारूनच ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. होय. पण विचारणे वेगळे आणि सांगणे वेगळे. भरवेलीच्या मँगनीज खाणीवर लिहायचे असेल तर तिथल्या मजुराला दहा वेळा विचारा. आपल्या कथेचा शेवट मात्र त्याला ऐकवू नका. कीर्तनकाराचाही दाखला नको. सांगणे हीच त्याची कृती असते. आपली कृती कागदावर व्हायची आहे. चहाच्या टपरीवर तीनदा सांगून झालेली गोष्ट चौथ्यांदा लिहायची भूकच उरत नाही.

मात्र खर्डा झाला की लपवाछपवी नको. ‘सत्यकथे’चे राम पटवर्धन लेखकांना सूचना करीत, त्या हाती आलेल्या कथेवर, मनातल्या मनसुब्यावर नव्हे. लिहिलेलेही जो पेटीत कुलूपबंद ठेवतो, तो लेखक नव्हे, कंजूष सावकार!

म्हणून आमच्या साहित्य मंडळांना माझे सांगणे आहे : ‘सध्या काय सुचते आहे?’ हा प्रश्न बैठकीतून हद्दपार करा. ‘काय लिहून आणलेत?’ एवढेच विचारा. या जिल्ह्यात मराठी कथा मुळात कमी लिहिल्या जातात. त्यांतल्या निम्म्या तोंडीच संपल्या, तर दिवाळी अंकांत छापणार काय?