कतारगामचे शहाणपण कोणाच्या खर्चाने?

सुरतेच्या कतारगामात घंटीपाशी, म्हणजे हिरे घासण्याच्या चाकापाशी, बसून हिऱ्याला पैलू पाडणाऱ्या बहुसंख्य रत्नकलाकारांना ठराविक दरमहा वेतन नसून नगावर मजुरी मिळते, आणि त्यामुळे जगाच्या बाजारात काही बिनसले की ते त्यांना हाती येणाऱ्या मालाच्या पुडीवरून आधी कळते. ते का बिनसले, हे मात्र त्या पुडीवरून कळत नाही. सर्व पर्याय तोलून निर्णय घेणारा जो मनुष्य अर्थशास्त्राच्या ग्रंथांतून वावरतो, त्याला इतक्या अपुऱ्या माहितीवर संसार चालवावा लागत नाही.

२००८ च्या मंदीत कारखाने बंद पडले तेव्हा हजारो कारागीर भावनगर-अमरेलीकडे आपापल्या गावी परतले, काही भरतकामाच्या यंत्रांवर गेले, आणि पुढे मागणी सावरून शेठमंडळींची निमंत्रणे येऊ लागली तरी त्यांतले पुष्कळ फिरकले नाहीत. कारखानदारांना हा हेकटपणा वाटला असेल. मला मात्र, इतक्या अपुऱ्या माहितीवर, तो चोख हिशेब वाटतो.

प्रयोगशाळेत घडविलेल्या हिऱ्याची कथा याहून बिकट. त्यालाही तीच घंटी आणि तेच कसब लागत असल्यामुळे, नैसर्गिक मालाचे काम आटू लागताच तिकडे वळणे सुलभ होते. परंतु शेजाऱ्याचा नफा पाहून प्रत्येकाने तोच मार्ग धरल्यावर, एकट्याला तारणाऱ्या त्या शहाणपणानेच भाव कोसळले. गतवर्षीचा दर पाहून कांदा लावणाऱ्या नाशिककराला हे चक्र नवे नाही; अर्थशास्त्रज्ञ निकोलस कॅल्डॉर यांनी १९३४ साली त्याला कोळ्याच्या जाळ्याचे नाव दिले होते. डी बीअर्स या हिरे कंपनीने २०१८ साली कॅरटला ८०० डॉलर दराने सुरू केलेला प्रयोगशाळेतील हिऱ्यांचा ‘लाइटबॉक्स’ हा ब्रँड २०२५ मध्ये गुंडाळण्याचे जाहीर केले आणि झालेली तूट आपल्या ताळेबंदात जिरवली. कारागिराला असा ताळेबंद नसतो. त्याची तूट घरभाड्यात आणि मुलांच्या शुल्कात निघते.

गुजरात सरकारने २०२५ मध्ये रत्नकलाकारांच्या मुलांच्या शालेय शुल्कासाठी साहाय्य जाहीर केले, हे योग्यच झाले. तथापि ज्याच्यापाशी नेमणुकीचे पत्र नाही आणि ज्याचे नाव कोणत्याही दप्तरात नाही, त्याने आपले काम गेले हे सिद्ध कसे करावे? तेव्हा प्रत्येक कारागिराची हजेरीपटावर नोंद व्हावी, आणि मंदीच्या मुदतीत मजुरीचा काही अंश देण्याची जबाबदारी कारखानदारावर कायद्याने टाकावी. आणि ही तजवीज दिवाळीपूर्वी व्हावी, कारण सुटी लांबवून माणसे कमी करण्याची सोय तेव्हाच साधली जाते.