पहिली पदवी कोठे घ्यावी?

बारावीचा निकाल लागला की परदेशी पदवीचा विषय आता चांदूर रेल्वेसारख्या तालुक्याच्या गावीही निघतो. कपाशी-सोयाबीनवर चालणाऱ्या घरात तो निघाला म्हणजे डॉ. पंजाबराव तथा भाऊसाहेब देशमुख यांचा दाखला हमखास दिला जातो. पापळच्या शेतकऱ्याचा हा मुलगा काही काळ चांदूर रेल्वेच्याच शाळेत शिकला. १९२० साली पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातील शिक्षण सोडून तो विलायतेला गेला. वडील शामराव यांनी त्यासाठी कर्ज काढले. एडिंबरोची एम. ए., बॅरिस्टरी आणि डॉक्टरेट मिळवून भाऊसाहेब परतले. मग आजच्या पित्याने कर्ज काढले तर बिघडले कोठे?

प्रश्न रास्त आहे; परंतु काळाचा फरक विसरता येत नाही. १९२० साली अमरावतीत महाविद्यालयच नव्हते. किंग एडवर्ड महाविद्यालय निघाले ते १९२३ साली. आज तेथे १९६४ पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आणि १९८३ पासून विद्यापीठ आहे. शिवाय बॅरिस्टरीवर वऱ्हाडातच वकिली करता येत होती. आजचे परदेशी शिक्षणाचे मोठे कर्ज मात्र येथील सुरुवातीच्या पगारातून फिटणे कठीण.

हिशेब साधा आहे. समजा, ४० लाखांचे कर्ज ११ टक्के दराने घेतले. वर्षाचे व्याज ४ लाख ४० हजार. चार वर्षांत, सरळव्याजानेही, बोजा ५७ लाख ६० हजारांवर जातो. त्यात २०१० च्या सुमारास ४५ रुपयांना मिळणारा डॉलर २०२५ च्या अखेरीस नव्वदीपार गेला. फेड परकीय चलनातील नोकरीवर आणि नोकरी त्या देशाच्या मर्जीवर! कॅनडाने २०२४ पासून विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा घातली. ब्रिटनने पदवीनंतर राहण्याची मुदत १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांसाठी दोन वर्षांवरून १८ महिन्यांवर आणण्याचे ठरविले. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर एवढी अनिश्चितता लादावी काय?

परदेशी शिक्षणाचे लाभ नाकारण्याचे कारण नाही. विषय निवडण्याची मोकळीक, सुसज्ज प्रयोगशाळा, स्वावलंबन हे सारे खरेच. आपल्याकडील घोकंपट्टीही तितकीच खरी. पण हे लाभ दुसऱ्या पदवीतही मिळतात, तेही एक-दोन वर्षांच्या खर्चात. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर शिक्षण व पीएच. डी. साठीच आहे, हे पुरेसे बोलके आहे. पहिल्या पदवीला अपवाद आहेत. पूर्ण शिष्यवृत्ती मिळाली तर अवश्य जावे. जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही. मात्र तेथे पदवीचे शिक्षण बहुतांशी जर्मन भाषेत असते, आणि निर्वाहासाठी वर्षाला सुमारे १२ हजार युरोंची तरतूद आधी दाखवावी लागते.

अशी सोय नसेल, तर पहिली पदवी येथेच घेणे शहाणपणाचे. कारण पणाला केवळ पैसा लागत नाही. विकलेले शेत परत येत नाही, आणि थोरल्याच्या हप्त्यांपायी धाकट्या बहिणीचे शिक्षण अडते. भाऊसाहेबांचा दाखला द्यायचाच तर पुरता द्यावा. विलायतेहून परतलेल्या त्या पदवीधराने १९३२ साली अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली, ती शेतकऱ्याच्या मुलाला घराजवळ शिकता यावे म्हणूनच!