ज्वारी आली, पण कर्बोदके गेली का?

रक्तशर्करेचा अहवाल वाईट आला, की पुढच्या वाणसामानाच्या यादीत पहिली फुली गव्हावर पडते. डॉक्टरांनी घाईघाईत ‘कार्ब्ज कमी करा’ एवढेच सांगितलेले असते. घरी त्याचा अर्थ ‘पोळी बंद, भाकरी सुरू’ असा लावला जातो. साखरेच्या जागी गूळ येतो, पांढऱ्या ब्रेडच्या जागी तपकिरी ब्रेड आणि चहाबरोबर नाचणीची बिस्किटे. बिल वाढते. तीन महिन्यांनी एचबीएवनसी पुन्हा तपासावे, तर आकडा जवळपास तिथेच. मग ‘बाहेर काहीतरी खात असणार’ असा संशय त्या बिचाऱ्या माणसावर घेतला जातो. पुष्कळदा त्याने पथ्य पाळलेले असते. चुकलेली असते ती यादी.

साधा हिशेब करून पाहावा. १०० ग्रॅम गव्हाच्या पिठात साधारण ६५ ते ७० ग्रॅम कर्बोदके असतात. ज्वारी, बाजरी आणि नाचणीचा आकडाही थोड्याफार फरकाने तेवढाच. घरच्या मध्यम पोळीला ३० ग्रॅमच्या आसपास कणीक लागते. भाकरीला ५० ते ६० ग्रॅम पीठ सहज जाते. म्हणजे दोन पोळ्या सोडून एक भाकरी खाल्ली, तर कर्बोदकांच्या हिशेबात विशेष काही बदलले नाही. दोन पोळ्यांच्या जागी दोन भाकऱ्या खाल्ल्या, तर ती वाढलीच. नाचणीतले कॅल्शियम मोलाचे आहे, भाकरीची चवही कुणी नाकारणार नाही. पण तो मुद्दा वेगळा. गुळाचेही तेच: १०० ग्रॅममध्ये सुमारे ८५ ग्रॅम कर्बोदके, आणि ती बहुतेक साखरच.

‘आयसीएमआर-इंडियाब’ या देशव्यापी पाहणीतील १८ हजारांहून अधिक प्रौढांच्या आहाराचे विश्लेषण २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. भारतीयांचे सुमारे ६२ टक्के उष्मांक कर्बोदकांतून येतात, प्रथिनांतून जेमतेम १२ टक्के, असे त्यात दिसले. कर्बोदकांचे एकूण प्रमाण तसेच ठेवून पांढऱ्या धान्याऐवजी गव्हाचे किंवा भरडधान्याचे पीठ आणल्याने धोका घटल्याचे आढळले नाही. एकूण उष्मांकांपैकी अवघे ५ टक्के कर्बोदकांकडून वनस्पतिजन्य किंवा दुधाच्या प्रथिनांकडे वळवले, तर मात्र मधुमेहाची शक्यता कमी दिसली. पिठाला पर्याय म्हणून दुसरे पीठ शोधणे, ही मुळात चुकीची खरेदी आहे.

बाजाराला हे कळत नाही असे नाही. पण ‘मल्टिग्रेन’ लिहिलेला पुडा विकणे सोपे. असा पुडा उलटा करून घटकांची यादी वाचावी. ती वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते. पहिले नाव मैद्याचे किंवा गव्हाच्या पिठाचे असेल आणि नाचणी पाचव्या क्रमांकावर, तर त्या बिस्किटाचे खरे नाव काय ते समजते. ‘साखरविरहित’ मिठाईत अनेकदा माल्टिटॉल असते; ते साखरेपेक्षा कमी, पण रक्तशर्करा वाढवतेच, आणि जास्त खाल्ले तर पोटही बिघडवते. पोषणमूल्यांच्या तक्त्यात ‘शर्करा’ नव्हे, ‘एकूण कर्बोदके’ ही ओळ पाहावी. बदामाचे पीठ खरोखर कमी कर्बोदकांचे आहे, पण किलोला हजार रुपयांच्या वर जाणाऱ्या पिठाची भाकरी रोज कोणाला परवडणार?

खरे पर्याय त्या चकचकीत फडताळात नाहीत. ते भाजी मंडईत आणि कोपऱ्यावरच्या वाण्याकडे आहेत. दुधी, दोडका, घोसाळी, भेंडी, वांगी, कोबी, मेथी, शेपू, अंबाडी यांत कर्बोदके अगदी थोडी. फ्लॉवर किसून तेल-मोहरीवर परतला की भाताची जागा बऱ्यापैकी घेतो. फक्त त्याला भात म्हणण्याचा हट्ट धरू नये. शेंगदाणे, तीळ, जवस, कारळे यांच्या चटण्या ताटात चिमटीएवढ्या न वाढता दोन चमचे वाढाव्यात. अंडी, पनीर, दही, सोयाबीन, बांगडा, सुकट, जे ज्या घरात चालते ते. शाकाहारी घराने एक लक्षात ठेवावे: डाळी-कडधान्यांतही निम्म्याच्या आसपास कर्बोदके असतात. तरी त्यांच्याबरोबर प्रथिने आणि तंतू येतात, म्हणून मटकीची उसळ वाटीभर आणि भाकरी चतकोर, हा उलटा क्रम उपयोगी पडतो.

सर्वांत अवघड दिवस उपवासाचा. सुक्या साबुदाण्यात कर्बोदकांशिवाय जवळपास काहीच नसते, भगर आणि बटाटा त्याच वाटेचे. शेंगदाण्याची आमटी, दही, काकडीची कोशिंबीर, तुपात परतलेला भोपळा यांवर दिवस निघतो. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे पटवणे हे निराळे काम.

मात्र मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना हा बदल परस्पर करू नये. ग्लिमेपिराइडसारखी गोळी तीच ठेवून ताटातला भात एकदम निम्मा केला, तर साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांनी कर्बोदके फारच तोडली, तर साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साचण्याचा धोका असतो. मूत्रपिंडाचा विकार असेल, तर प्रथिने वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारायलाच हवे.

आणि एक गोष्ट आहारसल्ल्यांत सहसा येत नाही. प्राधान्य कुटुंबाच्या शिधापत्रिकेवर माणशी महिन्याला ५ किलो धान्य मोफत मिळते, तांदूळ किंवा गहू. म्हणजे रोजचे सुमारे १६५ ग्रॅम धान्य, १०० ग्रॅमहून अधिक कर्बोदके, फुकट. प्रथिने मात्र पदरच्या पैशाने आणायची. अशा घरातल्या बाईला ‘भात सोडा, पनीर खा’ असे सांगणाऱ्याने आधी तिच्या वाण्याची वही पाहावी. तिला परवडेल तो पर्याय शेंगदाणे, हुलगे, सोयाबीन आणि आठवड्याला पाच-सहा अंडी एवढाच असतो, आणि रेशनचे धान्य संपायला महिन्याऐवजी सहा आठवडे लागले तर ते बरेच आहे.