हलाल म्हटले की संपले?

हलालची पाटी दिसली की आपले काम झाले, असे आपण धरून चालतो. मोटारसायकलला पाय बांधून उलट्या लटकवलेल्या कोंबड्या रोज डोळ्यांसमोरून जातात. (जनावरांना विनाकारण यातना होतील अशी वाहतूक १९६०च्या कायद्यानेही गुन्हा आहे.) कुरआन ‘हलाल’सोबत ‘तय्यिब’ही म्हणतो. सहीह मुस्लिममधली हदीस तर सुरीला धार लावून जनावराचा त्रास कमी करायला सांगते. मग सुरीआधीचे पाच-सहा आठवडे, दाटीवाटीच्या शेडमधले, हिशेबातच नाहीत? गोरक्षकांच्या दंडेलीला विरोध करायचाच. त्यांना जनावराचे सोयरसुतक नाही. म्हणून आपण हा विषयच काढायचा नाही? कुर्बानीच्या बकऱ्याचे दात, डोळे, कान तपासणारे आपण, रविवारची कोंबडी कुठून आणि कशी आली, हे दुकानदाराला का विचारत नाही?