पाणी विपुल, पाणमार्ग दुर्लभ : कॅनो स्प्रिंटच्या शर्यतीत छत्तीसगडसमोरचा प्रश्न

रायपूर : ऑगस्ट २०२५ मधील एकाच आठवड्यात दोन वेगवेगळ्या पाण्यांवर एकाच खेळाच्या शर्यती झाल्या. इटलीतील मिलानजवळच्या इद्रोस्कालो तलावावर २० ते २४ ऑगस्टदरम्यान कॅनो स्प्रिंटची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा रंगली, तर श्रीनगरच्या दल सरोवरात २१ ते २३ ऑगस्ट या काळात पहिला ‘खेलो इंडिया जलक्रीडा महोत्सव’ पार पडला. श्रीनगरमध्ये मध्य प्रदेशाने अव्वल स्थान मिळविले. ओडिशा दुसऱ्या आणि केरळ तिसऱ्या क्रमांकावर राहिले. मध्य प्रदेशातून २००० मध्ये वेगळे झालेले छत्तीसगड पहिल्या तिघांत नव्हते. महानदी, शिवनाथ, हसदेव आणि इंद्रावतीच्या या राज्यात पाण्याची वाण नाही. मग उणीव कशाची आहे, हा प्रश्न आगामी आशियाई क्रीडा स्पर्धेच्या पार्श्वभूमीवर विचारणे आवश्यक ठरते.

या खेळाचे स्वरूप प्रथम समजून घेतले पाहिजे. कयाकमध्ये खेळाडू बसून दोन्ही टोकांना पाते असलेले वल्हे चालवितो. कॅनोमध्ये तो एका गुडघ्यावर टेकून एकाच पात्याच्या वल्ह्याने एकाच बाजूने पाणी ओढतो आणि त्याच वल्ह्याने नौकेची दिशाही सांभाळतो. दोन्हींत खेळाडूचे तोंड पुढे असते. रोइंगमध्ये ते मागे असते. एकेरी नौकेची कमाल लांबी ५.२० मीटर असते. एकेरी कयाकचे किमान वजन अवघे १२ किलो असून ती इतकी अरुंद असते की नवख्याला तीत तोल सांभाळून बसणेही अवघड जाते. ऑलिम्पिकमध्ये या खेळाला पदकांचा दर्जा १९३६ मध्ये मिळाला आणि पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९३८ मध्ये स्वीडनमध्ये झाली. तेव्हापासून आजवर कॅनो स्प्रिंटच्या एकाही ऑलिम्पिक शर्यतीत भारतीय नौका उतरलेली नाही.

साडेनऊ सेकंदांचे अंतर

आशियाई पातळीवर भारताची दोन पदके नोंदली गेली आहेत. १९९४ च्या हिरोशिमा स्पर्धेत सिजी सदानंदन आणि जॉनी रोमेल यांनी दुहेरी कॅनोच्या १००० मीटर शर्यतीत कांस्यपदक मिळविले. त्याच प्रकारात, त्याच रंगाच्या दुसऱ्या पदकासाठी भारताला २९ वर्षे थांबावे लागले. हांगझो येथे ३ ऑक्टोबर २०२३ रोजी अर्जुन सिंह आणि सुनील सिंह सलाम यांनी ३ मिनिटे ५३.३२९ सेकंदांत अंतर पार केले. सुवर्णपदक पटकाविणारी उझबेकिस्तानची जोडी त्यांच्यापेक्षा सुमारे साडेनऊ सेकंद पुढे होती. भारतीय नौकेच्या सरासरी वेगाने हिशेब केला तर हे अंतर चाळीस मीटरच्या आसपास, म्हणजे दुहेरी नौकेच्या सहा लांब्यांएवढे होते. पदकाचे मोल त्यामुळे कमी होत नाही, पण पुढचा पल्ला किती लांबचा आहे याची कल्पना येते.

दुसरी बाब अधिक गंभीर आहे. पुरुषांच्या दुहेरी कॅनोची १००० मीटर शर्यत टोकियोनंतर ऑलिम्पिकमधून वगळण्यात आली. पॅरिसमध्ये तिची जागा ५०० मीटरने घेतली. महिलांसाठी एकेरी कॅनोची २०० मीटर शर्यत टोकियोपासूनच सुरू झाली आहे. एकूण कल कमी अंतराकडे आहे. भारताने ज्या प्रकारात यश मिळविले, तो ऑलिम्पिकच्या वेळापत्रकातून बाहेर पडलेला असताना नव्या पिढीची तयारी कोणत्या अंतरासाठी करायची, हे धोरणकर्त्यांना आताच ठरवावे लागेल.

भिंडच्या तलावाचा धडा

कमी अंतराकडे झुकलेला हा कल छत्तीसगडसारख्या राज्याला अनुकूल ठरू शकतो. दिव्यांगांच्या पॅरा कॅनोमध्ये तर सर्वच पॅरालिम्पिक शर्यती २०० मीटरच्या असतात आणि भारताचे लक्षणीय यश याच विभागातले आहे. ग्वाल्हेरच्या प्राची यादव आधी जलतरणपटू होत्या. भोपाळमध्ये सराव करून त्या टोकियो पॅरालिम्पिकच्या अंतिम शर्यतीपर्यंत पोहोचल्या आणि हांगझोच्या पॅरा आशियाई स्पर्धेत त्यांनी एक सुवर्ण व एक रौप्यपदक मिळविले. भिंडच्या पूजा ओझा यांनी २०२२ मध्ये कॅनडातील हॅलिफॅक्स येथे जागतिक स्पर्धेत रौप्यपदक जिंकले. त्यांचा सराव भिंड शहरातील गौरी सरोवरात होत असे. चंबळच्या खोऱ्यातील एका मध्यम शहराचा तलाव जागतिक पदकाला पुरेसा ठरला.

रायपूरच्या बुढा तलावात हजार मीटरचा सरळ मार्ग बसविणे कठीण आहे. दोनशे मीटरचा सराव मात्र तेथेही होऊ शकतो. तलावांचे सुशोभीकरण, कारंजी आणि नौकाविहार यांवर शहरे खर्च करतात. त्याच पाण्यात सकाळचे दोन तास मुलांच्या सरावासाठी राखून ठेवण्यास फार मोठा निधी लागत नाही.

स्पर्धेच्या मार्गाचे गणित मात्र वेगळे आहे. आंतरराष्ट्रीय मार्गावर प्रत्येकी नऊ मीटर रुंदीच्या नऊ मार्गिका असतात. म्हणजे केवळ शर्यतीसाठी ८१ मीटर रुंद आणि किमान एक किलोमीटर सरळ, स्थिर पाणी हवे. तळ उथळ असेल तर नौकेने उठविलेल्या लाटांचा विरोध वाढतो. तो असमान असेल तर एका मार्गिकेला दुसरीपेक्षा लाभ मिळतो. म्हणूनच जगातील नामांकित मार्ग बहुधा माणसाने घडविलेले आहेत. मिलानचा इद्रोस्कालो मुळात समुद्री विमाने उतरविण्यासाठी खोदला गेला होता. पोझनानचा माल्टा तलाव नदी अडवून तयार झाला.

धमतरीजवळचे गंगरेल, बालोदचे तांदुळा आणि कोरब्याचे हसदेव बांगो हे जलाशय लांबी-रुंदीत कमी नाहीत. पण ते मुख्यतः सिंचन, वीज आणि उद्योगांसाठी बांधलेले आहेत. पाणी सोडले की पातळी उतरते, काठ मागे सरकतो आणि पावसाळ्याच्या अखेरीस आखलेली मार्गिका उन्हाळ्यात तशीच राहत नाही. त्यामुळे जलाशयाची निवड करताना वर्षभराच्या पातळीचा अभ्यास हाच पहिला निकष असायला हवा.

डोंग्यापासून कॅनोपर्यंत

छत्तीसगडची खरी संपत्ती पाण्याच्या काठावर राहणारी माणसे आहेत. महानदीकाठचे केवट आणि निषाद, तलावांवर जगणारे ढीमर, इंद्रावती ओलांडण्यासाठी लाकडी डोंगी चालविणारे बस्तरचे आदिवासी, यांच्या मुलांना पाण्याची भीती नसते आणि तोल अंगात भिनलेला असतो. हांगझोच्या पदकविजेत्या जोडीतील सुनील हे मणिपूरच्या लोकताक सरोवराकाठच्या मासेमार कुटुंबातले आहेत. सरोवराने त्यांना तोल दिला. वेग मात्र प्रशिक्षण, आहार, नौका आणि सैन्यदलाच्या आधारातून आला.

या मुद्द्याची दुसरी बाजू महाराष्ट्राने दाखविली आहे. नाशिक जिल्ह्यातील दुष्काळी चांदवड तालुक्याचे दत्तू भोकनळ सैन्यात दाखल झाल्यावरच रोइंगकडे वळले. पुण्याच्या लष्करी केंद्रात घडलेला हा खेळाडू २०१६ मध्ये रिओ ऑलिम्पिकमध्ये तेरावा आला आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नौकेसह सुवर्णपदकाचा मानकरी ठरला. गावात पाणी नसतानाही संस्थेच्या बळावर तो घडला. पाण्याच्या काठच्या मुलाला तशी संस्था मिळाली, तर काय होऊ शकेल, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो. हीच गोष्ट सीमेपलीकडच्या भंडारा आणि गोंदिया या तलावांच्या जिल्ह्यांनाही लागू पडते. तेथील ढिवर समाज आणि मालगुजारी तलाव यांचे नाते छत्तीसगडपेक्षा फारसे वेगळे नाही.

रायपूरने हॉकी आणि क्रिकेटसाठी आंतरराष्ट्रीय दर्जाची मैदाने उभारली आहेत. जलक्रीडेसाठी तेवढ्या काँक्रीटची गरज नाही. स्पर्धेच्या नौका महाग असतात. परंतु सुरुवातीच्या दोन वर्षांना रुंद, टिकाऊ सराव-नौका पुरतात. पूर्णवेळ प्रशिक्षक, जीवरक्षक, बारा ते चौदा वर्षांच्या मुलामुलींची काठावरच्या गावांतून निवड आणि त्यांच्या शिक्षण-निवासाची हमी, एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. हमीचा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. मासेमारीत हात देणारा मुलगा सरावाला गेला की घरातील एक मिळकत कमी होते.

सप्टेंबर २०२६ मध्ये जपानच्या आइची-नागोया येथे होणाऱ्या आशियाई स्पर्धेसाठी छत्तीसगडला आता काही करता येणार नाही. तेथे साडेनऊ सेकंदांतले किती कमी झाले, हे देश पाहील. रायपूरने पाहायचे ते पुढच्या दशकाकडे. आज काठावर बसून जाळे विणणारी मुले तेव्हा नेमकी शर्यतीच्या वयात असतील.