गाडी लोंढ्याला थांबते, उपचार थांबू नयेत

लोंढा हे गाव लहान. रेल्वेच्या नकाशावर मात्र त्याचे स्थान मोठे आहे. मिरज-बेळगावकडून आणि हुबळी-धारवाडकडून येणारे लोहमार्ग येथे एकत्र येतात आणि कॅसलरॉक, दूधसागर, कुळे असा घाट उतरून गोव्यात शिरतात. बेळगावहून खानापूर, रामनगर आणि अनमोड घाटातून मोले-फोंड्याकडे जाणारा महामार्गही याच परिसरातून जातो. खानापूर तालुक्यातील मराठी-कोकणी कुटुंबांचे जिल्ह्याचे ठिकाण बेळगाव असले, तरी रोजगाराची वाट बऱ्याचदा घाट उतरून गोव्याकडे जाते. बांधकामे, हॉटेले, वास्कोचे बंदर, वेर्ण्याची औद्योगिक वसाहत, सगळीकडे या भागातील माणसे आहेत. सोयरिकीही याच वाटेने जुळतात. मुलीचे माहेर घाटावर, नवऱ्याचे बिऱ्हाड गोव्यात आणि पहिले बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी, हा क्रम येथे नवा नाही.

आरोग्य व्यवस्थेची रचना मात्र राज्यांच्या सीमांप्रमाणे आहे. एरवी ही विसंगती फारशी जाणवत नाही. एचआयव्हीबाधित गरोदर स्त्रीच्या बाबतीत मात्र तिच्यावर एका बाळाचे आयुष्य अवलंबून असते.

आईकडून बाळाला होणारी लागण आज जवळजवळ पूर्णपणे टाळता येते. काहीच उपाय केला नाही, तर गर्भारपण, प्रसूती आणि स्तनपान या तिन्ही टप्प्यांत मिळून बाळाला विषाणूची लागण होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते. आईला वेळेवर आणि अखंड उपचार मिळाले, तर ती पाच टक्क्यांच्या खाली येते. प्रसूतीपूर्वीच तिच्या रक्तातील विषाणू चाचणीत न सापडण्याइतका दबला असेल, तर त्याहूनही बरीच खाली. भारतात आईकडून बाळाला होणारी लागण रोखण्याचा कार्यक्रम २००२ मध्ये सुरू झाला, तेव्हा हाताशी होती ती प्रसूतीच्या वेळी आईला आणि जन्मानंतर बाळाला द्यायची नेव्हिरापिनची एकेक मात्रा. १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत एआरटी औषधे मोफत मिळू लागली. १ जानेवारी २०१४ पासून प्रत्येक बाधित गरोदर स्त्रीला, तिची प्रतिकारशक्ती कितीही असो, आजन्म उपचार देण्याचे धोरण आले आणि २०१७ मध्ये ते सर्वच बाधितांना लागू झाले. आज बहुतेकांना टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोलुटेग्राविर यांची मिळून रोज एकच गोळी घ्यावी लागते.

म्हणजे औषध आहे आणि ते मोफत आहे. तरीही देशात दरवर्षी सुमारे वीस हजार बाधित स्त्रिया गरोदर राहतात आणि त्यांतील काहींची बाळे बाधित होतात. यामागे औषधाचे अपयश क्वचितच असते. बहुतेकदा चाचणी, नोंद, औषध, प्रसूती आणि बाळाची तपासणी या साखळीतील एखादा दुवा निसटलेला असतो.

त्या साखळीचे वेळापत्रक काटेकोर आहे. गरोदरपणाच्या पहिल्या तपासणीतच चाचणी व्हावी लागते. बाधा आढळली, तर लगेच औषध सुरू करावे लागते. बाळाला जन्मापासून किमान सहा आठवडे प्रतिबंधक औषध द्यावे लागते आणि सहाव्या आठवड्यात त्याच्या टाचेतून घेतलेला रक्ताचा थेंब प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. आईच्या शरीरातील प्रतिपिंडे बाळाच्या रक्तात दीड वर्षापर्यंत राहू शकतात. त्यामुळे नेहमीची चाचणी त्या काळात उपयोगी पडत नाही. प्रत्यक्ष विषाणू शोधणारी तपासणी करावी लागते आणि ती पुढेही ठरावीक टप्प्यांवर पुन्हा करून अठराव्या महिन्यात निदान पक्के करावे लागते. या वेळापत्रकाला एवढे महत्त्व असण्याचे कारण कठोर आहे. उपचार न मिळालेल्या बाधित बाळांपैकी जवळजवळ निम्मी दुसरा वाढदिवस पाहत नाहीत.

आता हे वेळापत्रक लोंढ्याच्या वाटेवर ठेवून पाहावे. समजा, मडगावात राहणाऱ्या एका स्त्रीची चाचणी तिसऱ्या महिन्यात गोव्यात झाली आणि औषध तेथेच सुरू झाले. सातव्या महिन्यात ती माहेरी आली. प्रसूती खानापूर किंवा बेळगावात झाली. बाळाच्या सहा आठवड्यांच्या तपासणीची तारीख आली तेव्हा ती माहेरीच होती आणि अठराव्या महिन्याची तारीख आली तेव्हा पुन्हा गोव्यात. एका बाळाच्या निदानासाठी दोन राज्यांतील किमान तीन संस्थांनी एकमेकींशी बोलणे आवश्यक ठरले. त्यांतील एकही बोलली नाही, तरी कागदावर कोणाचीच चूक दिसत नाही. गोव्याच्या नोंदीत ती ‘स्थलांतरित’ असते आणि कर्नाटकच्या नोंदीत ती आलेलीच नसते.

या दरीला काही ठोस कारणे आहेत. कार्यक्रम राष्ट्रीय असला, तरी तो राबवणाऱ्या एड्स नियंत्रण संस्था राज्यांच्या आहेत. कर्नाटकात गरोदर स्त्रीच्या घरी जाणारी, तिच्या तारखा लक्षात ठेवणारी आशा कार्यकर्ती असते. देशातील आशा योजना गोव्यात मात्र लागूच झालेली नाही. तेथे ही जबाबदारी आरोग्य केंद्राच्या परिचारिकांवर येते. कर्नाटकात गरोदर स्त्रीच्या हाती ‘तायी कार्ड’ असते, पण सीमाभागातील अनेक मराठी स्त्रियांना कन्नड सहज वाचता येत नाही. समुपदेशन ही माहितीची देवघेव नसून विश्वासाची गोष्ट आहे आणि विश्वास आपल्या भाषेत लवकर बसतो. त्यात २०१८ च्या जानेवारीपासून गोवा वैद्यकीय महाविद्यालयात परराज्यातील रुग्णांना शुल्क लागू झाले. एचआयव्हीची औषधे राष्ट्रीय कार्यक्रमाखाली मोफत आहेत, हे अधिकाऱ्यांना ठाऊक असते. रहिवासाचा कागद नसलेल्या बाळंतिणीला ते ठाऊक असेलच असे नाही.

बेळगाव जिल्ह्याच्या बाबतीत ही बेफिकिरी परवडणारी नाही. या शतकाच्या पहिल्या दशकात देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या पाहणीत बेळगाव जिल्ह्यात सुमारे एक तृतीयांश स्त्रिया बाधित आढळल्या होत्या. सौंदत्तीच्या यल्लम्माला मुली सोडण्याच्या प्रथेला १९८२ च्या कायद्याने बंदी घातली, पण तिची सामाजिक मुळे लगेच उपटली गेली नाहीत. मात्र ‘त्या स्त्रियांचा आजार’ ही समजूत पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेशी संबंधित संशोधकांनी १९९७ मध्येच खोडून काढली होती. लैंगिक आजारांच्या दवाखान्यांत आलेल्या, देहविक्रयाशी संबंध नसलेल्या स्त्रियांपैकी १३.६ टक्के बाधित आढळल्या. त्यांतील बहुसंख्य विवाहित होत्या आणि पतीशिवाय अन्य कोणाशी त्यांचे संबंध नव्हते. जोखीम घरातच होती. कामासाठी नवरा महिनोन्‌महिने दूर असलेल्या घरांना हा निष्कर्ष आजही लागू आहे. म्हणूनच गरोदरपणाच्या आरंभी ‘नकारात्मक’ आलेली चाचणी ही अखेरची ग्वाही मानता येत नाही. जोखीम असेल, तर प्रसूतीपूर्वी आणि स्तनपानाच्या काळात ती पुन्हा करावी लागते आणि नवऱ्याचीही करावी लागते.

अशा वेळी सक्तीचा मार्ग सोपा वाटतो. गोव्याने तो चालून पाहिला आहे. १९८९ मध्ये रक्तदानाच्या निमित्ताने बाधा उघड झालेल्या डॉमिनिक डिसोझा या तरुणाला सार्वजनिक आरोग्य कायद्याच्या आधारे म्हापशात ६४ दिवस डांबून ठेवण्यात आले. न्यायालयात दाद मागायला पुढे आली ती त्याची आई, लुसी डिसोझा. १९९२ मध्ये डॉमिनिकचे निधन झाले. त्याने उभारलेल्या ‘पॉझिटिव्ह पीपल’ने गोव्यात पुढे मोठे काम केले. २००४ मध्ये वास्कोतील बायणा येथील वस्ती पाडण्यात आली. तेथील अनेक स्त्रिया कर्नाटकातून आलेल्या होत्या. वस्ती विखुरली, तसा त्यांच्यापर्यंत पोहोचण्याचा मार्गही विखुरला. २००६ मध्ये विवाहापूर्वी चाचणी सक्तीची करण्याचा मनोदय गोवा सरकारने जाहीर केला. पण लग्नाच्या दिवसाचा अहवाल लग्नानंतरच्या वर्षांची हमी देत नाही आणि सक्तीची भीती माणसांना दवाखान्यापासून दूर नेते. सक्तीने माणूस सापडतो तो एकदाच. उपचारासाठी मात्र त्याने दर काही महिन्यांनी स्वतःहून यावे लागते.

१० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आलेल्या एचआयव्ही-एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायद्याने ही भूमिका स्पष्ट केली. चाचणीला संमती हवी, माहिती गुप्त राहायला हवी आणि बाधेच्या कारणावरून भेदभाव करता येणार नाही. बाधित स्त्रीला आणि अठरा वर्षांखालील मुलांना घरात राहण्याचा हक्क आहे. डॉक्टर किंवा समुपदेशकाने जोडीदाराला माहिती देण्याची तरतूद कायद्यात आहे. पण त्यातून, विशेषतः स्त्रीच्या बाबतीत, मारहाण किंवा घराबाहेर काढले जाण्याची रास्त भीती असेल, तर तसे करण्यास मनाई आहे.

खरा पेच येथेच आहे. बाळाची तपासणी चुकू नये यासाठी स्त्रीचा माग ठेवावा लागतो आणि तिचे घर टिकावे यासाठी तिची माहिती झाकावी लागते. लहान गावात दवाखान्यातून आलेला फोन किंवा दारात उभी राहिलेली अनोळखी परिचारिका पुरेशी बोलकी असते. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या ‘सोच’ या संगणकीय प्रणालीमुळे एका केंद्राची नोंद दुसऱ्या केंद्राला दिसण्याची सोय झाली आहे. मात्र फोन कोणी, कोणत्या क्रमांकावर आणि कोणत्या भाषेत करायचा, हे संगणक ठरवत नाही. ते स्त्रीने ठरवायला हवे आणि तिचे उत्तर गरोदरपणातच नोंदवून घ्यायला हवे.

सीमेपलीकडे काम होऊ शकते, याचा दाखला याच भागात आहे. सांगलीत १९९२ मध्ये सुरू झालेली ‘संग्राम’ आणि १९९६ मध्ये देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांनी स्थापन केलेली ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ यांचे काम सांगलीपासून निपाणीपर्यंत पसरले. राज्याची रेषा त्यांना आडवी आली नाही, कारण ते काम मैत्रिणीकडून मैत्रिणीकडे जाणारे होते. शासकीय व्यवस्थेने या रीतीतून शिकण्यासारखे बरेच आहे.

तरुणांचा प्रश्न याच्याशीच जोडलेला आहे. प्रभावी उपचार सर्वत्र पोहोचण्याआधी बाधित जन्मलेली मुले आता वयात आली आहेत. आपल्याला काय झाले आहे, हे त्यांतील काहींना उशिरा कळले. आता शिक्षण, नोकरी, लग्न आणि मूल हे प्रश्न त्यांच्यासमोर आहेत. नियमित औषधाने विषाणू चाचणीत सापडत नाही इतका दबला, तर लैंगिक संबंधांतून तो जोडीदाराकडे जात नाही, ही गोष्ट विज्ञानाने सिद्ध केली आहे. समाजात ती अजून पुरेशी पोहोचलेली नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातील केवळ २१.६ टक्के स्त्रियांना आणि ३०.७ टक्के पुरुषांना एचआयव्हीविषयी पुरेशी अचूक माहिती असल्याचे दिसले. २००७ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांनी शाळांतील किशोरवयीन शिक्षण कार्यक्रम रोखून धरला होता. त्या वेळी शाळेत असलेल्या मुली आज माता आहेत. दरम्यान जग पुढे गेले. २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिका आणि युगांडातील तरुण स्त्रियांवरील चाचणीत वर्षातून दोनदा घ्यायच्या लेनाकापाविर इंजेक्शनाने लागण पूर्णपणे रोखल्याचे दिसले. ते घेणाऱ्यांपैकी एकीलाही बाधा झाली नाही.

राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाचा पाचवा टप्पा एप्रिल २०२१ ते मार्च २०२६ असा आखला गेला. त्याची तरतूद १५,४७१.९४ कोटी रुपयांची आणि आईकडून बाळाला होणाऱ्या लागणीचे निर्मूलन हे त्याचे एक उद्दिष्ट. थायलंडने २०१६ मध्ये आणि श्रीलंकेने २०१९ मध्ये अशा निर्मूलनाचे जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमाणपत्र मिळवले. त्यासाठी जवळजवळ प्रत्येक गरोदर स्त्रीची चाचणी, प्रत्येक बाधित मातेचे औषध आणि प्रत्येक बाळाचा शेवटचा अहवाल हाती असावा लागतो. सीमेवर हरवलेले एकेक बाळ या हिशेबात मोजले जाते.

गोवा आणि कर्नाटक यांच्यात म्हादईच्या पाण्यावरून वाद असतील आणि महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्न न्यायालयात असेल. बाळंतिणीच्या औषधासाठी त्यांतला कोणताही प्रश्न सुटण्याची वाट पाहण्याची गरज नाही. माहेरी निघालेल्या स्त्रीला पुरतील इतक्या महिन्यांची औषधे सोबत देणे, तिच्या संमतीने पुढच्या केंद्रातील समुपदेशकाचे नाव तिच्या हाती ठेवणे, बाळाच्या सहा आठवड्यांच्या तपासणीची जबाबदारी तिला पाठवणाऱ्या केंद्राकडेच अहवाल मिळेपर्यंत ठेवणे, खानापूर-लोंढा पट्ट्यात मराठीतून समुपदेशन देणे आणि गोव्यात काम करणाऱ्या नवऱ्यांसाठी कामाच्या ठिकाणाजवळ ऐच्छिक चाचणीची सोय करणे, एवढ्या गोष्टी दोन राज्यांच्या एड्स नियंत्रण संस्थांच्या एका बैठकीत ठरू शकतात. त्यासाठी नवा कायदा नको, नवे औषधही नको. गाडी घाट चढून आली की बाळाची जबाबदारी संपली, असे घाटाखालच्या दवाखान्याने मानायचे नाही, इतकेच ठरायला हवे.