युद्धात बंदी, गच्चीवर खेळणं

१९९५ साली व्हिएन्नामध्ये एक आंतरराष्ट्रीय करार झाला. शत्रूला कायमचं आंधळं करण्यासाठीच बनवलेलं लेझर शस्त्र युद्धात वापरायचं नाही, असं त्यात ठरलं. भारतानेही तो मान्य केला आहे. म्हणजे सीमेवर समोर शत्रू उभा असताना सैनिकाला जे करायला मनाई आहे, त्याचीच छोटी आवृत्ती जयपूरच्या बाजारात खेळणं म्हणून विकायला असते.

इथे संक्रांतीला आणि लग्नसराईत सगळं शहर आकाशाकडे बघतं. पतंग, कंदील, फटाके आणि आता लेझर. सांगानेरचा विमानतळ वस्तीला अगदी खेटून. टोंक रोडच्या मॅरेज गार्डनमधून निघालेला झोत किंवा जगतपुऱ्यातल्या गच्चीवरून पोराने मारलेला हिरवा किरण विमानाच्या वाटेत यायला कितीसा वेळ लागतो?

‘एवढ्याशा पेनाने काय होतंय?’ असं लोक विचारतात. हाच मोठा गैरसमज. हातातला ठिपका एक किलोमीटरवर सुमारे मीटरभर रुंद होतो. विमानाच्या काचेवर बारीक ओरखडे असतात, त्यावर प्रकाश विखुरतो आणि अख्खी काच हिरवी पेटते. त्यातून हिरवा रंग आपल्या डोळ्याला सर्वात जास्त टोचतो. अंधाराला सरावलेले डोळे दिपले, की पूर्ववत व्हायला काही मिनिटं जातात, आणि उतरताना वैमानिकाकडे मिनिटं नसतात. ताशी अडीचशे किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला जवळपास सत्तर मीटर.

रस्त्यावरही तेच गणित. ताशी साठच्या वेगाने जाणाऱ्या ट्रकवाल्याचे डोळे पाच सेकंद दिपले, तर तो ऐंशी मीटर आंधळा चालतो. विमानात निदान शेजारी दुसरा वैमानिक असतो. ट्रकवाल्याच्या शेजारी बहुधा झोपलेला क्लीनर.

हे फक्त जयपूरचं दुखणं नाही. २०२१ मध्ये कोलकात्यात दुर्गापूजेच्या एका मंडपातला लेझर शो वैमानिकांच्या तक्रारींनंतर बंद करावा लागला. पुण्यात २०२३ च्या विसर्जनानंतर दृष्टिपटलाला इजा झालेले तरुण डॉक्टरांकडे पोचले आणि पुढच्या वर्षी पोलिसांनी बंदी आणली. अमेरिकेत २०२३ या एका वर्षात विमानांवर लेझर मारल्याच्या तेरा हजारांहून अधिक नोंदी झाल्या.

ब्रिटनने २०१८ मध्ये स्वतंत्र कायदा केला. त्यात विमानाइतकंच बस-ट्रकलाही संरक्षण आहे आणि शिक्षा पाच वर्षांपर्यंत. आपल्याकडे न्याय संहितेचं कलम १२५ आहे. दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला आणि कोणाला इजा झाली नाही, तर तीन महिने किंवा अडीच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. लग्नातल्या झोताचं भाडंही याहून जास्त असेल! सण आला की तात्पुरता आदेश काढायचा आणि सण गेला की विसरायचं, हे पुरे झालं. विमानतळाच्या परिसरात कायमची बंदी हवी आणि जास्त ताकदीच्या लेझरची खेळणी म्हणून विक्री थांबायला हवी.

फायरिंग रेंजवर रंगरूटाला पहिल्याच दिवशी शिकवतात: रायफल रिकामी असली तरी माणसावर रोखायची नाही. लेझर तर कधीच रिकामा नसतो. माजी सैनिक बंधूंनो, सोसायटीत आणि गणेश मंडळात आजही तुमचा शब्द मानतात. तो एवढ्यासाठी जरूर खर्च करा.